पेल ग्रँट आणि आठ आठवड्यांचे कोर्स

‘अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं (मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणारी स्थानिक सरकारी कॉलेजं) राज्याच्या आणि स्थानिक करांवर चालतात, वॉशिंग्टनशी, म्हणजे केंद्र सरकारशी, त्यांचा काय संबंध?’ असं काही जण विचारतात. पगार, इमारती बऱ्याच अंशी तिथूनच, हे खरं. पण गरीब विद्यार्थ्याच्या हातात पडते ती पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची परत न फेडायची मदत, केंद्राची: २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. फी भागून जे उरतं त्यातून बसचा पास, पुस्तकं निघतात.

२०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या कोर्सनाही पेल खुली केली. रात्रपाळी करून वेल्डिंग शिकणाऱ्या बाईला हा केवढा आधार! मात्र ७० टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पूर्ण करायचा आणि ७० टक्क्यांना नोकरी लागायची, अशी अट आहे. एकुलता एक कारखाना बंद पडलेल्या गावातल्या कॉलेजाने नोकऱ्या आणायच्या कुठून?