ब्रुस्केत्ता: घरी भाजलेल्या पावाचे तुमचे अनुभव

ओसरी
आज सकाळी चटणी कुटली, हाताला लसणाचा वास, आणि त्याच हाताने तव्यावर पाव भाजायला घेतला. एकदम इटलीतलं फ्लॉरेन्स आठवलं, आणि तिथला ब्रुस्केत्ता, म्हणजे लसूण-तेल लावलेला भाजलेला पाव. 2011 साली शिकायला होते तिकडे. नोव्हेंबरात घाण्यावरून नवं ऑलिव्ह तेल घरी आलं की घरमालकीणबाई त्याच संध्याकाळी पाव भाजायच्या. हल्ली वर घालतात तसा टोमॅटो नाही, बेसिल नाही. जाड काप निखाऱ्यावर खरपूस, त्यावर लसणाची पाकळी घासायची, वर तेलाची धार आणि मीठ. तिकडे त्याला फेत्तुंता म्हणतात, म्हणजे तेलाने माखलेला काप. तेल हिरवंगार, घशाला मिरीसारखं झोंबायचं. मी पहिला घास खाईपर्यंत बाई समोर उभ्या असायच्या.
तुम्ही घरी कसं करता? लिहा ना.

जिरेफोडणी
घासायची! हेच कुणी सांगत नाही. मी वर्षभर लसूण चिरून टोमॅटोत घालत होते, कच्चा दाताखाली यायचा, मुलं वेचून बाजूला ठेवायची. पाव कडक भाजला की किसणीच होते त्याची, पाकळी बघता बघता झिजते. गावठी लसूण असेल तर एका कापाला दोन पाकळ्या. कुकर झाला, येते नंतर.

शेवग्याची शेंग
माझं दुःख टोमॅटोच्या पाण्याचं. मामेसासरे येणार म्हणून 20 काप आधीच लावून ठेवले, ते येईपर्यंत लगदा. फार वाईट वाटलं. आता बिया काढून चिरते, मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत. खाली उतरलेलं पाणी आमटीला. आणि काप वाढतानाच भरायचे, पाहुणे कितीही घाईत असोत.

तिठा
उच्चार ब्रुस्केत्ताच, 'ब्रुशेत्ता' नाही. रोमकडच्या बोलीत ब्रुस्कारे म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. नावात भाजणं आहे, टोमॅटो कुठेच नाही. तो अमेरिकेतून 16व्या शतकात तिकडे पोचला.

मांडवीकाठ
स्लाइस ब्रेड नका घेऊ, प्लीज. आमच्याकडे गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला येतो, त्याच्याकडचे उंडे, म्हणजे गोल पाव घ्या. कवच टणक असतं, आडवे कापून भाजले की तेल पिऊनही उभे राहतात. पोई आत पोकळ, ती नको.

जिरेफोडणी
आले. पोदेर अजून सायकलवर येतो? भोंपू वाजवत?

मांडवीकाठ
हो, साडेसहाला. आमचा गजर तोच.

कढीपत्ता२
बेसिलऐवजी तुळस चालेल का?

शेवग्याची शेंग
नको गं, उग्र लागते. सब्ज्याचं बी पेर कुंडीत, ती बेसिलचीच जात. वास थोडा वेगळा, पण कोवळी पानं छान लागतात. हाताने तोड, सुरीने काळी पडतात.

तिठा
ओसरीताई, मीठ किती? माझं परवा खारट झालं.

ओसरी
तिकडचा पाव अळणी असतो, मीठ घालतच नाहीत, म्हणून वरून सढळ हाताने. आपल्या पावात असतंच, चिमूटभर पुरे. बाई चिमूट उंचावरून सोडायच्या, सगळीकडे सारखी पडते. मी अजून तशीच सोडते.

कढीपत्ता२
सब्जा आत्ताच पेरला. ऊन लागतं का त्याला?

शेवग्याची शेंग
भरपूर. खिडकीत ठेव.