गढूळ पाण्यातील गाळ वाळूच्या साहाय्याने लवकर बसवायचा आहे, सल्ला हवा

नदीकाठचा_पाणीपुरवठा : करवीर तालुक्यातील आमच्या गावाची पाणीयोजना पंचगंगेवर आहे. नदीला लाल पाणी आले की तुरटी वाढवूनही फ्लॉक (तुरटीमुळे बनणारे गाळाचे पुंजके) टाकीत वेळेत बसत नाही, पुढे फिल्टरमध्ये जातो आणि बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणे) वारंवार करावा लागतो. नवीन टाकीला जागा नाही आणि अंदाजपत्रक ३ लाखांचे आहे. बारीक वाळू मिसळून फ्लॉक जड करणे जमेल का?

शिरोली_एमआयडीसी : नक्की करा. तुरटीचा फ्लॉक पाण्याहून किंचितच जड असतो. पण पाण्याच्या २.६५ पट घनतेची, सुमारे ०.१ मिलिमीटरची वाळू पॉलिमरने (कण एकत्र चिकटवणाऱ्या रसायनाने) त्याला चिकटली की साध्या टाकीत ताशी १ ते २ मीटर असलेला भार (टाकीच्या दर चौरस मीटरवर ताशी सोडता येणारे घनमीटर पाणी) ४० मीटरपर्यंत नेता येतो. आमच्या कारखान्यात या पद्धतीचे तयार युनिट असून ते उत्तम चालते. ३ लाखांत अडकू नका.

साचेकाम : वाळू विकत कशाला घ्यायची? आमच्या फाउंड्रीतून (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातून) वापरलेली वाळू फुकट मिळेल.

जलशुद्धी_अभियंता : ती पिण्याच्या पाण्यात मुळीच चालणार नाही, कारण तिच्यात बेंटोनाइट (साच्यासाठी वापरलेली चिकणमाती), कोळशाची भुकटी किंवा रेझिनचे अवशेष असतात. शिवाय वाळू गाळासोबत फेकायची नसते. हायड्रोसायक्लोनमध्ये (पाणी गरगर फिरवून जड कण वेगळे करणाऱ्या उपकरणात) ती वेगळी करून पुन्हा वापरतात, म्हणजे पंप सतत चालू हवा. तुमच्या रकमेत ट्यूब सेटलर (टाकीत गाळ लवकर बसवणाऱ्या तिरक्या नळ्या) बसवणे शहाणपणाचे ठरेल. त्याआधी जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून चाचणी) करा आणि पाण्याची क्षारता (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) तपासा, कारण तुरटी ती खर्च करते.

कागलकर : वाळूपेक्षा मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) सरस; घनता पाण्याच्या सुमारे ५.२ पट आणि चुंबकाने परत मिळते.

शिरोली_एमआयडीसी : वाळू स्वस्त पडते. युनिटच घ्या, हे पुन्हा सांगतो.

कागलकर : वीज गेली की तुमची वाळू मिश्रण टाकीच्या तळाशी बसते आणि पुन्हा चालू करताना हाल होतात, हेही सांगा.

नदीकाठचा_पाणीपुरवठा : सर्वांचे आभार. ट्यूब सेटलर परवडेल हे पटते, तरी यंदा आम्ही वाळूचाच प्रयोग करणार आहोत. आधी जार टेस्टमध्ये तुरटी, मग पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेले पॉलिमर आणि धुतलेली नवी वाळू वापरून वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजू. तो ५ एनटीयूखाली (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) आला तरच पुढचा खर्च ग्रामसभेपुढे मांडू. थोडी वाळू कुठे मिळेल?

साचेकाम : नवी सिलिका वाळू शिरोलीत पोत्याने मिळते, मात्र साच्याची वाळू जाड असते, त्यामुळे बारीक चाळणीतून काढून घ्यावी लागेल.