रि: रि: स्वागताची मेल – कोपरीच्या काकांना तिसऱ्यांदा गेली

चिटणीस (वाशी):
मंडळी, सकाळीच काकांचा फोन, "मी मंडळात नवीन सदस्य कधीपासून झालो?" सदस्यत्वाची पावती नंबर 3 ज्यांच्या नावाची त्यांना!! कोजागिरीच्या यादीची एक्सेल मी मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये परत चढवली, त्याने सगळ्यांना नवीन धरलं आणि पाचही मेल्स रांगेला लावल्या. तूर्त बंद केलंय. आता एवढंच सांगा, नवीन माणसाला किती मेल्स नि किती दिवसांनी? महिन्याला तीन-चार घरं येतात फार तर. रविवारच्या मीटिंगच्या आधी सांगा, नंतर नको.

घोडबंदर:
त्या पाच मेल्स मी लिहिल्यात म्हणून माझ्यावर ढकलू नका. यादी चढवताना ऑटोमेशन बंद ठेवायचं हे मागच्या वर्षीच सांगितलं होतं. आणि पहिली मेल फॉर्म भरल्या भरल्याच गेली पाहिजे, रविवारी एकदम पाठवू म्हटलं तर तोपर्यंत माणूस विसरतो आपण नाव कुठे दिलंय ते, आणि विसरला की स्पॅम दाबून मोकळा.

ऐरोली:
स्पॅमचं निघालंच आहे तर. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम कडक केले, दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्याच पत्त्यावरून आली हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) तिन्ही लागतं. त्यात आपण येत नाही. पण स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत ठेवा हे छोट्यांनाही आहे. आपल्या 60 जणांत एकाने दाबलं की दीड टक्का पार! या तक्रारी गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये बघायला जावं तर एवढ्याशा मेल्सचा आकडाच दिसत नाही. दोन पुरे. एक लगेच, एक आठवड्याने.

घोडबंदर:
ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, 70 टक्के आहे दादा. लोक वाचतात.

ऐरोली:
निम्मी जनता आयफोनवर आहे. मेल उघडली हे तिच्यातलं चित्र उतरलं की मोजतात, आणि 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये मेल प्रायव्हसी चालू असली की चित्रं आधीच उतरवली जातात, माणसाने न उघडलेली मेलही उघडलेली दिसते. किती जणांनी उलट उत्तर लिहिलं ते मोज.

नौपाड्याच्या काकू:
मला यातलं कळत नाही. आम्ही मस्कतला उतरलो तेव्हा बॅगा उघडायच्या आत शेजारच्या वहिनींचा डबा आला होता, वरणभात नि लोणचं. एकच डबा. मग हाक मारली की यायच्या. एक दिवसाआड डबे पाठवत बसल्या नाहीत. आणि नवीन घरी फोन करायचं काम माझं आहे, हल्ली फोन केला की "हो काकू, मेलमध्ये वाचलं" म्हणतात नि वाचलेलं काही नसतं. घाणेकर नाट्यगृहाची तिकिटं कोणाकडे आहेत?

खजिनदार (खारघर):
माझ्याकडे. 6 उरलीत. दरवेळी ठाणेच का पण, वाशीला भावे नाट्यगृह आहे की, आम्ही कितीदा ट्रान्स-हार्बर लोकलने यायचं. आणि स्वागताच्या दुसऱ्याच मेलमध्ये वर्गणीचा क्यूआर टाकलाय तो काढा, पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी बिल दिल्यासारखं वाटतं.

कोपरीचे काका:
मी रागावलेलो नाही. दुबईची वर्षं सोडली तर जन्म कोपरीत गेला आणि तिसरी मेल मला "नव्या शहरात रुळताना" शिकवते, हसू आलं. मुलगा अजून तिकडेच, त्याला पहाटे साडेचारला आली, इथले सहा वाजले म्हणून. पण ही विचारत होती कोजागिरी कुठे आणि किती वाजता, तर पाचही मेल्स खालीवर केल्या, कशातच नाही!

चिटणीस (वाशी):
अरे देवा. मग असं करते. पहिली लगेच, त्यात पुढच्या कार्यक्रमाची तारीख, जागा आणि काकूंचा नंबर. दुसरी आठव्या दिवशी, तीही काकूंचं बोलणं झालं नसेल तरच. काकू, बोलणं झालं की शीटमध्ये टिक करायची. वर्गणीचं वेगळं कळवू.

घोडबंदर:
माझ्या उरलेल्या तीन मेल्सचं काय?

नौपाड्याच्या काकू:
शीट कुठे असते?