मदत हवी आहे: लेनीचे ससे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) ही कादंबरी पुन्हा वाचतेय आणि सशांपाशी अडकलेय. शेतमजूर जॉर्ज आणि त्याचा धिप्पाड, भोळा सोबती लेनी यांचं स्वप्न म्हणजे स्वतःची थोडी जमीन. त्यातही लेनीला जमिनीपेक्षा ओढ मऊ ससे गोंजारायची. पण मऊ म्हणून कुरवाळलेलं सगळं, उंदीर, कुत्र्याचं पिल्लू, शेवटी मळ्याच्या मालकाचा मुलगा कर्ली याची बायको, त्याच्याच हातून मरतं. म्हणजे स्वप्नातच नाश दडलाय का? की ६०० डॉलरची ती दहा एकर जमीन खरंच आवाक्यात आली होती? मळ्यावरचा म्हातारा कामगार कँडी ३५० द्यायला तयार होताच की! कर्लीच्या बायकोची लाल नखं, लाल पिसांच्या सपाता यांत मला तरी मोहापेक्षा सिनेमात जायचं हुकलेलं स्वप्नच दिसतं. (बाईला नावसुद्धा नाही!) आणि जॉर्ज सारखा एकट्याचा पत्त्यांचा डाव मांडतो, त्याचं काय? कुणी शिकवलंय का हे?