विझार्ड्ससारखी बुडालेली टीम नुसत्या ट्रेडवर उभी राहते का?

लातूरचा_वॉल

नमस्कार मंडळी. हा जुलै २०२५ चा धागा. मी लातूरचा, एनबीएमध्ये (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) वॉशिंग्टन विझार्ड्सचा फॅन. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

२०१७ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) बोस्टनविरुद्धच्या सहाव्या मॅचला जॉन वॉलनं शेवटच्या चार सेकंदांत तीन पॉइंटचा शॉट मारला आणि टेबलावर चढून उभा राहिला, तिथं मी अडकलो ते अडकलोच. त्यानंतर काय बघितलं? २०२३-२४ ला १५ विजय, ६७ पराभव. २०२४-२५ ला १८ विजय, ६४ पराभव. आमच्या टीमनं एका सीझनमध्ये ५० मॅच शेवटच्या जिंकल्या त्या १९७८-७९ ला. तेव्हा माझ्या वडिलांचंही लग्न झालं नव्हतं.

खेळाडू तर एकेक करून दिले: बील गेला, पोर्झिंगिस गेला, अवदिया गेला, कुझ्मा गेला, आता जॉर्डन पूलसुद्धा गेला. दरवेळी एकच ऐकायचं, रिबिल्ड चालू आहे, टीम नव्यानं बांधतोय. एवढं हरून लॉटरीत (नवे खेळाडू आधी कुणी निवडायचे याची सोडत) तरी पहिला नंबर लागावा, तर तिथंही घसरून सहावा.

ट्रेड करून करून टीम खरंच वर येते का? की नुसती माणसं इकडची तिकडं? आणि आमच्या लोकांनी कोणता ट्रेड डोकं लावून केला, कुठं माती खाल्ली, हे कुणीतरी नीट सांगा. मी कॉलेजच्या टीममध्ये खेळतो, खेळ कळतो. हा करारांचा आणि पिकांचा (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायच्या हक्कांचा) हिशोब डोक्यावरून जातो.

झोन_२३

नाही येत. टीम बदल. सॅन अँटोनिओ घे, तिथं वेम्बन्यामासारखा स्टार आहे, आयुष्य सुखात जाईल.

मोंढ्यातला_मुनीम

टीम बदला म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या धाग्यावर जावं.

लातूरकर, टीम ट्रेडवर उभी राहते. पण ट्रेड किती केले याला काडीची किंमत नाही. कोणत्या घडीला केला आणि त्या घडीला समोरच्याला घाई किती होती, सगळा खेळ तिथं आहे. मी उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर हिशोब लिहितो. गाडी अर्धी भरून उभी आहे आणि मिलवाला फोनवर फोन करायलाय, असा खरेदीदार भावात घासाघीस करत बसत नाही. तसं गिऱ्हाईक हेरणं ही जनरल मॅनेजरची निम्मी अक्कल.

जुलै २०१९ घ्या. कवाय लेनर्ड क्लिपर्सकडं यायला तयार होता, पण जोडीला आणखी एक मोठा खेळाडू आणा म्हणाला. तो खेळाडू म्हणजे पॉल जॉर्ज, आणि जॉर्ज होता ओक्लाहोमा सिटीकडं (ओकेसी). ओकेसीचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी ओळखून होता की क्लिपर्स एका खेळाडूची नाही, दोघांची किंमत मोजायला बसलेत. त्यानं मागितलं आणि त्यांनी दिलं: शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक, वर दोन वर्षं पिक अदलाबदल करायचा हक्क.

तेव्हा शे पहिलं वर्ष खेळून आलेलं पोरगं. सरासरी १०.८ पॉइंट. बातम्यांचे मथळे सगळे लेनर्ड आणि जॉर्जचे. २०२५ ला तो एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि फायनलचाही एमव्हीपी. त्या पाचातला एक पिक २०२२ ला बाराव्या नंबरवर पडला, त्यातून जेलन विल्यम्स आला. २०२५ च्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये ४० पॉइंट मारणारा तोच.

पण मधली वर्षं बघा. २०२०-२१ ला ओकेसी २२ विजय, ५० पराभव. पुढच्या वर्षी २४-५८. मग ४०-४२, मग ५७-२५, मग ६८-१४ आणि ट्रॉफी. तुम्ही आता २४-५८ च्याही अलीकडं आहात, म्हणून जीव घाबरा होतो.

याच्यापेक्षा मजेशीर भाग इंडियानाचा. हाच पॉल जॉर्ज २०१७ ला इंडियानात होता. करार संपला की जाणार म्हणून त्यानं सांगून टाकलेलं. इंडियानानं त्याला ओकेसीला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास साबोनिस घेतले. तेव्हा लोकांनी इंडियानाला येड्यात काढलं, एवढा मोठा खेळाडू कवडीमोल विकला म्हणून. साबोनिस ऑलस्टार झाला. मग फेब्रुवारी २०२२ ला, साबोनिसला चांगला भाव असतानाच, तो सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टन आणला.

म्हणजे २०२५ ची फायनल खेळलेल्या दोन्ही टीमा एकाच माणसाला विकून उभ्या राहिल्या, आणि तो माणूस त्या फायनलमध्ये नव्हताच. सातवी मॅच आपल्याकडं २३ जूनच्या पहाटे साडेपाचला. इथं लाईट गेलेली, मी मोबाईल उशीला टेकवून बघत होतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टन पडला आणि जमिनीवर हात आपटायला लागला. टाचेची शीर तुटलेली. तिथंच कळलं ट्रॉफी कुठं चालली ते. असल्या गोष्टीचा हिशोब कोणत्याच वहीत बसत नाही, तो भाग सोडा.

आता तुमचा ब्रॅडली बील. २०२२ ला त्याला पाच वर्षांचा, २५ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. पैशाचं एक वेळ समजू. पण करारात कलम टाकलं की त्याच्या मंजुरीशिवाय त्याला कुठंही ट्रेड करता येणार नाही. सगळी माती तिथं खाल्ली, ट्रेडच्या दिवशी नाही. वर्षभरानं विकायला काढला तर गिऱ्हाईक बीलच ठरवणार. तो फिनिक्स म्हणाला, तर फिनिक्सलाच द्यावा लागला. बदल्यात ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, दुसऱ्या फेरीचे काही पिक आणि पहिल्या फेरीत अदलाबदलीचे हक्क. पहिल्या फेरीचा सरळ हातात पडणारा पिक एकही नाही. प्रेस्टीला पाच मिळाले, तुम्हाला शून्य. गिऱ्हाईक निवडायचा हक्क ज्याच्याकडं, भाव त्याचा.

बिचारे विंगर आणि डॉकिन्स, तुमच्या टीमचे नवे कारभारी, त्याच सुमाराला येऊन बसले होते. दोघंही ओकेसीत शिकून आलेले. त्यांना शिव्या देऊ नका, कलम आधीच्यांनी लिहिलेलं.

परभणीचे_पीटी_सर

मुनीमजी, लिहिलंय झकास, पण तुमच्या वहीत खेळाडू कोर्टावर कसा उभा राहतो याचा रकाना नाही. मी शाळेत पोरांना शिकवतो, म्हणून माझं लक्ष तिकडंच जातं.

ओकेसीचा मला सगळ्यात आवडलेला ट्रेड २०२४ चा आहे. जॉश गिडी शिकागोला दिला, अ‍ॅलेक्स कारूसो घेतला. एकास एक, पिक नाही, काही नाही. गिडी २१ वर्षांचा, सहाव्या नंबरचा पिक. कारूसो तिशीतला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. कागदावर शिकागोचा फायदा. पण गिडी बॉल हातात असला तरच कामाचा, आणि बॉल तर शेच्या हातात. आदल्या प्लेऑफमध्ये डॅलसनं गिडीला मोकळा सोडला, मार म्हणाले बाहेरून. कारूसो बॉल न मागता डिफेन्स करतो, कोपऱ्यातून शॉट मारतो. फायनलच्या आधी डेनव्हरविरुद्धच्या फेरीत त्याला त्यांच्या धिप्पाड योकिचच्या अंगावर पाठवायची हिंमत केली होती, तेव्हा मी वर्गात पोरांना तो व्हिडिओ दाखवला. सहा फूट पाच इंचाचा गडी सात फुटी माणसापुढं कसा उभा राहतो ते: कंबर खाली, छाती त्याच्या मांडीला, आणि पास येण्याआधीच पुढून हात.

दुसरं, हरायची सवय. फिलाडेल्फियानं पिक गोळा करत करत २०१५-१६ ला १०-७२ केलं. एम्बीडसारखा स्टार मिळाला, खरं आहे. पण ट्रॉफी आली का? उलट डेट्रॉइट बघा. २०२३-२४ ला सलग २८ मॅच हरले, सीझन १४-६८. पुढच्याच वर्षी ४४-३८. टोबायस हॅरिससारखी जाणती माणसं आणली. टिम हार्डवे ज्युनियरला डॅलसकडून घेतला, तर वर दुसऱ्या फेरीचे तीन पिक डॅलसनंच दिले. पोरं तीच होती, केड कनिंगहॅम तोच होता. शेजारी कोण उभं आहे यानं फरक पडला.

लातूरचा_वॉल

सर, कारूसोचं पटलं. पण मग आमच्या लोकांनी पूल देऊन सीजे मॅकॉलम कशाला घेतला? पूल २६ चा, मॅकॉलम ३३ चा. रिबिल्डमध्ये म्हातारा माणूस? आणि सोबत केली ओलिनिक आला, ज्यानं त्याच २०१७ च्या सातव्या मॅचमध्ये २६ पॉइंट मारून आमचं वाटोळं केलं होतं. दोनचार दिवसांत त्यालाही सॅन अँटोनिओला पाठवला. मला नीट रागवायलासुद्धा वेळ दिला नाही.

मोंढ्यातला_मुनीम

ओलिनिकचं वाचून हसलो राव.

मॅकॉलमचं सोपं आहे. पूलचा करार २०२७ पर्यंत, मॅकॉलमचा २०२६ ला संपणारा. रक्कम जवळपास तेवढीच, एक वर्ष आधी मोकळी. तो शॉटसाठी घेतलेला नाही, त्याच्या कराराच्या तारखेसाठी घेतलाय. सरांचं ऐकायचं तर पोरांना दोन गोष्टी शिकवेल, हा वरकड फायदा.

मोकळ्या जागेची किंमत आता जास्त आहे. २०२३ च्या नव्या करारनाम्यानं पगाराला दुसरी मर्यादा घातली. २०२४-२५ ला पगाराची साधी मर्यादा १४ कोटी ६ लाख डॉलरच्या आसपास, आणि ही वरची दुसरी रेघ १८ कोटी ८९ लाखांच्या आसपास. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. श्रीमंत टीमांचे हात बांधले गेले. त्यांना जड करार कुणाच्या तरी गळ्यात घालायचा असतो, आणि घेणारा त्याचे पैसे पिकांमध्ये वसूल करतो. ओकेसीनं नियम बदलायच्या आधीच हे केलं. २०२० ला फिलाडेल्फियाचा अल हॉरफर्ड, कुणाला नको असलेला करार, त्यांनी घेतला आणि सोबत पहिल्या फेरीचा पिक घेतला. वर्षभरात हॉरफर्ड बोस्टनला दिला, तर तिथूनही सोळावा पिक आला. एकाच माणसाला घ्यायचे पैसे आणि द्यायचेही पैसे.

तो सोळावा पिक त्यांनी ह्यूस्टनला दिला आणि पुढच्या वर्षांचे दोन घेतले. त्यातला एक कुणाचा होता, माहितीय? तुमचाच. २०२० ला वॉल ह्यूस्टनला देऊन वेस्टब्रुक आणला, तेव्हा वॉशिंग्टननं सोबत एक पिक लावून दिला होता. वॉलला जड करारासकट उचलायचं भाडं ते. तो ह्यूस्टनहून ओकेसीला गेला, ओकेसीहून न्यूयॉर्कला गेला, आणि २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत वसूल झाला नाही, कारण त्याला अट आहे. २०२६ ला पहिल्या आठात पडला तर तो वॉशिंग्टनकडंच राहतो आणि न्यूयॉर्कला दुसऱ्या फेरीच्या पिकांवर समाधान मानावं लागतं. नवव्या नंबरला पडला की गेला. आता २०२५-२६ च्या सीझनला तुमची टीम अचानक बरी खेळावी असं मॅनेजमेंटला किती वाटत असेल, तुम्हीच सांगा. तुमचा लाडका वॉल अजून हरवायलाय तुम्हाला.

झोन_२३

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तरी सांगतो, वेम्बन्यामा.

परभणीचे_पीटी_सर

मुद्दाम हरून लॉटरीची वाट बघणं मला शिक्षक म्हणून झेपत नाही, आणि हिशोबानंही बसत नाही. २०१९ ला आलेल्या नियमानं तळाच्या तिन्ही टीमांना पहिल्या नंबरची संधी प्रत्येकी फक्त १४ टक्के. २०२५ ला युटा सगळ्यात खाली, त्यांना पाचवा. वॉशिंग्टन त्यांच्यावर, सहावा. आणि पहिला कुणाला? डॅलसला, १.८ टक्क्यांवर. फेब्रुवारीत आपला स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन जगभराच्या शिव्या खाल्लेली टीम, तिला पहिल्या नंबरचा कूपर फ्लॅग.

लातूरचा_वॉल

म्हणजे मुनीमकाका म्हणतात तसं घाईतलं गिऱ्हाईक शोधायचं आणि सर म्हणतात तशी जोडणारी माणसं घ्यायची. ठीक. मग डेनी अवदियाचं काय? तो दोन्हीत बसत होता. २३ वर्षांचा, वर्षागणिक उतरत्या पगाराचा स्वस्त करार, डिफेन्स करतो, रिबाउंड घेऊन स्वतः पळतो. २०२४ ला पोर्टलँडला देऊन टाकला.

मोंढ्यातला_मुनीम

त्यात मिळालं बरं. चौदावा पिक, ज्यातून बब कॅरिंग्टन आला. माल्कम ब्रॉग्डन. २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक. दुसऱ्या फेरीचे दोन. बीलच्या वेळी मिळालं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि अवदिया बीलच्या निम्माही मोठा नाही.

पण तुमची तक्रार मला खोडता येत नाही. अवदियाला विकायची घाई नव्हती. करार लांबचा, वय कमी, पुढच्या दोन वर्षांत भाव वाढणारच होता. पोर्टलँडला गेल्यावर पहिल्याच सीझनला सरासरी १६.९. प्रेस्टीनं जॉर्जला भाव टिपेला असताना दिला, इंडियानानं साबोनिसला टिपेला असताना दिला. अवदिया अजून चढत होता. २०२९ चा पिक कुठं पडतो ते २०२९ ला बघू, तोवर मी तो ट्रेड उधारीच्या खात्यात ठेवतो.

परभणीचे_पीटी_सर

मी खोडतो. अवदिया राहिला असता तर टीम २५-३० मॅच जिंकून मधेच लटकली असती. मग सहाव्या नंबरचा ट्रे जॉन्सन हाती लागला नसता.

लातूरचा_वॉल

सर, आत्ताच तर म्हणालात मुद्दाम हरणं झेपत नाही!

परभणीचे_पीटी_सर

शिक्षक म्हणून नाही झेपत. फॅन म्हणून मी सेल्टिक्सचा आहे, तुमचं काय होतं ते मजेत बघतो.