मदत हवी आहे: कोपऱ्यावरचा बर्फाचा ढिगारा कुणी उचलायचा?

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेला एका छोट्या गावात आम्ही सहा वर्षं राहतोय. सिरॅक्यूज-रॉचेस्टरकडच्यांना सरोवराचा बर्फ काय असतो ते सांगायला नको. गार वारा उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठापलीकडे एका अरुंद पट्ट्यात सगळी रिकामी करतो. आमच्याकडे गुडघाभर साचलेला असतो तेव्हा दहा मैलांवर ऊन असतं. ऑन्टारिओ सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे हे मार्चपर्यंत चालतं. बर्फ पडतो याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण वेगळी आहे. घरासमोरचा फुटपाथ ज्याने त्याने साफ करायचा असा गावाचा नियम आहे आणि आमच्या गल्लीत सगळे तो पाळतात. पहाटे पाचलाच स्नोब्लोअरची (बर्फ उडवून बाजूला टाकणाऱ्या यंत्राची) घरघर सुरू होते. मग गावाचा प्लाऊ, म्हणजे पुढे पातं लावलेला बर्फ लोटणारा ट्रक, येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ कोपऱ्यावर, जिथून उतरून रस्ता ओलांडायचा नेमका तिथेच लोटून जातो. हा बर्फ भुसभुशीत नसतो. मीठ, पाणी, खडी मिसळून रात्रीत त्याचा दगड होतो. परवा माझ्या फावड्याचा दांडा मोडला.

शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. बर्फावर पाय सपाट टाकत, छोटी पावलं घेत कसं चालायचं ते पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच मला शिकवलं. आता त्या वॉकर घेऊन चालतात, मागच्या दोन पायांना टेनिसचे चेंडू लावलेले. मंगळवारी औषधं आणायला निघाल्या. ढिगाऱ्याशी वॉकर अडला म्हणून मागे फिरून रस्त्यावर उतरल्या, आणि एक पिकअप त्यांच्या कोपराला जवळजवळ चाटून गेला. मी खिडकीतून बघत होते. धावत जाऊन हात धरला तर म्हणाल्या, "दुसरी वाटच नाही गं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

गावाच्या कचेरीत दोनदा फोन केला. एकदा सांगितलं, ते घरमालकाचं काम. दुसऱ्यांदा सांगितलं, रस्त्याच्या खात्याला विचारा.

ड्राइव्हवेचं मी जमवलंय. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की प्लाऊ डावीकडून येतो. म्हणून डावीकडे रस्त्याच्या कडेला आधीच गाडीभर जागा मोकळी करून ठेवते. पात्यावरचा बर्फ तिथे पडतो आणि तोंडाशी कमी साचतो. काढलेला बर्फ उजवीकडे टाकायचा. नवीन आलेल्यांनी जरूर करून बघा. कोपऱ्यावर मात्र हे चालत नाही, प्लाऊ तिथेच वळतो.

गावाच्या बोर्डाच्या सभेत कुणी असा विषय मांडलाय का? कसा मांडला? प्लाऊ चालवणारे रात्रभर राबतात, त्यांच्यावर रोख जाऊ नये असं मनापासून वाटतं. आणि आणखी एक: बर्फ वितळवायला टाकलेलं साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली जवळजवळ कामच करत नाही. कॅल्शियम क्लोराइड चालतं, पण महाग. कुणी नुसती वाळू वापरता का?

भर, रात्री ९:

उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे खूप आभार. तुम्ही सांगितलेल्या लेखी सूचनेच्या नियमाचं मला माहीतच नव्हतं! न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवरच्या बर्फाने कुणाला इजा झाली तर, गावाच्या कचेरीतल्या क्लार्ककडे आधी लेखी सूचना पोचलेली नसेल तर सहसा गावाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे माझे दोन्ही फोन वाया गेले. सूचनेचं पत्र उद्या स्वतः नेऊन देते आणि पोच घेते. ढिगाऱ्याशी टेप लावून फोटो काढलेत, उंची ३१ इंच भरली. बाईही सोमवारच्या सभेला येणार म्हणतात, त्यांना मी गाडीतून नेईन.

१९९०च्या अपंगांसाठीच्या कायद्याचा उल्लेख पहिल्याच पत्रात करावा, की नंतरसाठी ठेवावा? अशा पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया आज रात्रीच पाठवा.