'दिसायला कुणासारखा?' – मिश्र वंशाची मुलं वाढवताना आलेले अनुभव

धागाकर्ती, डब्लिन
मी मालवणची, नवरा आयरिश. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमचा लेक दीड वर्षाचा होता. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आई आयरिश. म्हणजे आमच्याच घराचा नकाशा! माहेरी तर जणू मीच निवडून आले होते. वाटलं, चला, आता या पोराला 'मूळचा कुठला?' असं कुणी विचारणार नाही.

विचारतात. डब्लिनला जपून, मालवणात थेट. गेल्या मे महिन्यात बाजारात एका आजीने विचारलं, "हो कोणाचो झील?" मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "आवशीचो." आजी खूश, विषय संपला. मी मात्र पाच मिनिटांचं भाषण मनात जुळवून उभी होते.

तुमच्याकडे काय चालतं? नाव, भाषा, केस, सण, नातेवाईक, काहीही लिहा. फक्त 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' नको, ते लग्नपत्रिकेत छापून झालंय.

लंडनहून
मी सांगलीची, नवरा नायजेरियातल्या योरुबा समाजाचा. लेकीचं आठव्या दिवशी त्यांच्याकडचं नामकरण झालं, जिभेला मध, मीठ, पाणी लावून. बाराव्या दिवशी आमचं बारसं, घुगऱ्यांसकट. तिथपर्यंत झकास.

अडलं ते केसांवर. आईने मोठ्या प्रेमाने खोबरेल चोपडून बारीक दातांची फणी चालवली. लेक किंचाळली, आई रडवेली. इतके दाट कुरळे केस कोरडे विंचरायचे नसतात हे मला तरी कुठे ठाऊक होतं? सासूबाईंनी शिकवलं: केस ओले करून कंडिशनर लावायचा, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा, टोकापासून सुरू करून मुळाकडे जायचं, मग वेण्या. झोपताना सॅटिनची टोपी. रविवारचे तीन तास त्यातच जातात. आई आता सांगलीहून व्हिडिओवर बसते आणि वेण्या मोजते.

बोचतं ते वेगळंच. मावसबहिणीचा नवरा डच. तिच्या मुलाच्या घाऱ्या डोळ्यांचं कौतुक सरत नाही, 'अगदी कोकणस्थ दिसतो हो!' माझ्या लेकीबद्दल सगळे म्हणत, 'हुशार आहे.' हुशार आहेच, पण तेव्हा ती आठ महिन्यांची होती!

आणि फॉर्म. इथल्या जनगणनेत २००१ पासून 'मिश्र' असा रकाना आहे. त्यातल्या तिन्ही तयार पर्यायांत एक बाजू गोरीच. सांगली अधिक नायजेरिया म्हणजे 'इतर'.

ओसाकाहून, एक बाबा
बायको जपानी. मुलाला शाळेत 'हाफू' म्हणतात, म्हणजे इंग्रजी 'हाफ', अर्धा. त्याला त्याचं काही वाटत नाही, मला मात्र वाटतं. इथल्या कुटुंबनोंदीत, म्हणजे कोसेकीत, आडनाव आणि नाव एवढ्या दोनच जागा. आडनाव बायकोचं लागलं, मधलं वडिलांचं नाव बसलंच नाही. म्हणजे लेकाच्या नावात मी कुठेच नाही. हे माझ्या वडिलांना सांगायला दोन वर्षं लागली. चिडलो की त्याला मराठी पद्धतीने तीन शब्दांत पूर्ण नावाने हाक मारतो, तेवढाच त्या नावाचा वापर.

पुण्यातून
मीच ते मूल. आई जर्मन, बाबा सदाशिव पेठेतले. चाळीशी उलटली तरी रिक्षावाले इंग्रजीत सुरू करतात. "मीटरनेच चला काका" म्हटलं की आरशातून बघतात. "मराठी किती छान बोलता!" अहो, दुसरं काय बोलणार?

खरं सांगू? लहानपणी 'अर्धी' म्हटल्याचा त्रास कमी झाला. कुणी काही विचारलं की आई-बाबा घाईने मध्ये पडून माझ्या वतीने उत्तर देत, त्याचा जास्त झाला. दोघांची उत्तरंही वेगवेगळी असत.

धागाकर्ती
ते पाच मिनिटांचं भाषण रद्द केलं.

सॅन अँटोनिओहून
बायको मेक्सिकन. तिच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांसाठी फोटो, झेंडू आणि त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. माझ्याकडे सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट बघायची. इथे कावळा येईना. अंगणात घिरट्या घालतात ते ग्रॅकल, काळे, लांब शेपटीचे, महा आगाऊ. लेकीने विचारलं, "हे चालतील का?" मी फोन करून आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "वडा उचलतोय का बघ."

उचलला.